सेवायज्ञाचे ऋत्विज : राष्ट्रसंत श्रीतुकडोजी महाराज

होमहवन हा आपल्या धर्मजीवनातील अतिप्राचीन संस्कार होय. मुंज असो, विवाह असो, नव्या घराची वास्तुशांती असो, अग्नी प्रज्वलित झाल्याविना आपले कार्य सुफळ झाले असे कोणासही वाटत नाही. आणि आयुष्याच्या अखेरीस हा देहही अग्नीच्याच स्वाधीन करावयाचा असतो. असे असूनही, अग्नीत आपण नेमके काय अर्पण करतो आणि होम आटोपल्यावर काल होतो त्याहून तिळभर तरी चांगले होतो काय, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. तो विचारण्यास लावणारे एक चरित्र आपल्याच वऱ्हाडच्या मातीत घडले आहे. राष्ट्रसंत श्रीतुकडोजी महाराज यांचे ते चरित्र या अंकाच्या द्वारे ज्ञातिबांधवांपुढे, विशेषतः तरुण पिढीपुढे, यथामती मांडावे असे आम्ही योजिले आहे.

चरित्राकडे वळण्यापूर्वी यज्ञाचे मर्म थोडक्यात पाहणे अवश्य आहे. वैदिक काळी गृहस्थ सूर्योदयी आणि सूर्यास्ती अग्निहोत्र करी. दूध, तूप किंवा धान्य यांची अल्पशी आहुती, दोन मंत्र, आणि प्रत्येक आहुतीनंतर हे माझे नव्हे असा उच्चार, एवढाच त्याचा विस्तार. मोठ्या यज्ञांत शमीगर्भ पिंपळाच्या अरणीचे मंथन करून अग्नी उत्पन्न करीत. पळस, खैर, उंबर, आघाडा, रुई अशा समिधा वेगवेगळ्या देवतांस अर्पीत. आणि शेवटी पूर्णाहुती होई. विधी लहान असो वा मोठा, त्याचा गाभा त्या एका उच्चारात आहे. घरातील वस्तू हाताने सोडावयाची आणि तिच्यावरील आपला हक्क तोंडाने सोडावयाचा. हा अभ्यास दिवसातून दोन वेळ, वर्षानुवर्षे घडला म्हणजे मनुष्याची ममता हळूहळू सैल होते. होमाने आत्मोन्नती होते असे जे म्हणतात, त्याचा मार्ग हाच.

आपल्या घरच्या चुलीचाच दृष्टांत घ्या. वाळलेली पऱ्हाटी क्षणात पेटते आणि भाकरी शेकून निघते. तीच ओली असली तर घरभर धूर होतो आणि डोळ्यांस पाणी येते. अग्नी तोच, भेद असतो तो इंधनाचा. अहंकाराने आणि लोभाने ओले असलेले मन होमाजवळ बसले तर धुराखेरीज पदरात काय पडणार?

भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंतांनी अनेक प्रकारचे यज्ञ सांगितले आहेत. द्रव्याचा, तपाचा, योगाचा, स्वाध्यायाचा असे ते प्रकार होत. आणि द्रव्ययज्ञाहून ज्ञानयज्ञ श्रेष्ठ, असा निर्वाळाही तेथेच दिला आहे. श्रीज्ञानेश्वर माउलींनी तिसऱ्या अध्यायावर निरूपण करताना स्वधर्माचे आचरण हाच नित्ययज्ञ असे समजाविले. म्हणजे यज्ञाची व्याप्ती कुंडाबाहेर नेण्याचे काम आपल्या परंपरेनेच केले आहे. ही शिकवण विसाव्या शतकात आपल्या खेड्यापाड्यांतून ज्यांनी आचरून दाखविली, ते तुकडोजी महाराज होत.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. वडिलांचे नाव बंडोजी, मातोश्रींचे मंजुळाबाई. मुलाचे नाव माणिक असे ठेवले होते. घरची स्थिती अत्यंत गरिबीची. यावली आणि वरखेड येथे माणिकाचे जुजबी शिक्षण झाले. प्राथमिक शाळेच्या चार पायऱ्याही तो पुरत्या चढला नाही. पाटी-पुस्तकात त्याचे मन रमले नाही, ते रमले भजनात. वरखेड येथे आडकोजी महाराज नावाचे थोर सत्पुरुष राहत असत. त्यांच्या पायाशी माणिकास आसरा मिळाला. आडकोजींनीच त्याला तुकड्या हे नाव दिले असे सांगतात. लोकांनी दिलेल्या भाकरीच्या तुकड्यावर जगणारा आणि भजन म्हणणारा तो तुकड्या! पुढे देशभर कीर्ती पसरली तरी महाराजांनी आपल्या पदांत तुकड्यादास हीच मुद्रा कायम ठेवली. लोकांचे अन्न खाऊन वाढलेल्या देहावर लोकांचाच हक्क आहे, ही जाणीव त्या नावात आहे. पुढील सर्व चरित्राचे बीज आम्हांस तेथेच दिसते.

गुरूंच्या निर्याणानंतर या बालकाने घर सोडले आणि अरण्याची वाट धरली. रामटेक, साळबर्डी, रामदिघी, गोंदोडा या रानांत त्यांनी खडतर साधना केली. वन्य पशूंचा वावर, एकांत आणि उपासमार यांत काढलेली ही वर्षे म्हणजे त्यांचा तपोयज्ञ होय. परंतु तेवढ्यावरच ते थांबले असते तर आज त्यांचे नाव एखाद्या डोंगरावरील समाधीपुरते उरले असते. ते रानातून परत आले आणि हातात खंजिरी घेऊन गावोगाव फिरू लागले. त्यांची मराठी व हिंदी भजने साधी, ठसठशीत आणि थेट काळजास भिडणारी असत. शेतकरी दिवसभर वखर हाकून थकलेला असला, तरी महाराजांचे भजन आहे म्हटल्यावर बैलगाडी जुंपून मुलाबाळांसह चार-चार कोस जाई.

इ. स. १९३५ हे वर्ष या चरित्रात फार महत्त्वाचे आहे. त्या वर्षी महाराजांनी साळबर्डी येथे महायज्ञ केला. साळबर्डी हे स्थान मोर्शी तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत असून पलीकडे बैतूल जिल्ह्याची हद्द लागते. डोंगरातील गुहेत महादेवाचे स्थान आहे आणि महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. महानुभाव पंथासही हे क्षेत्र पूज्य आहे. ज्या रानात महाराजांनी एकट्याने तप केले, त्याच रानात आता लोकांचा सागर लोटला. या महायज्ञास तीन लाखांहून अधिक लोक जमले होते, असे महाराजांचे चरित्रकार नमूद करतात. त्या काळच्या वाहनांचा विचार केला म्हणजे या संख्येचे महत्त्व कळते. तो काळही कसा होता? जागतिक मंदीमुळे कापसाचा भाव कोसळलेला, शेतकरी सावकाराच्या वहीत अडकलेला, आणि देश परक्यांच्या सत्तेखाली. अशा दिवसांत हातची कामे टाकून एवढी माणसे त्या डोंगरात गेली, ती काय केवळ तुपाची धार पाहावयास? आमच्या समजुतीप्रमाणे, आपण एकटे नाही ही अनुभूती त्यांना तेथे ओढून घेऊन गेली. या यज्ञाने महाराजांचे नाव वऱ्हाडाबाहेर सर्व मध्यप्रांतात दुमदुमले.

आता पाहा, एवढे यश पदरी आलेला दुसरा कोणी असता तर त्याने वर्षास एक महायज्ञ केला असता, पहिल्याहून दुसरा मोठा, दुसऱ्याहून तिसरा मोठा! महाराजांची वाट निराळी झाली. त्याच १९३५ साली त्यांनी अमरावती–नागपूर मार्गावरील मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली आणि साळबर्डीस प्रकट झालेली लोकशक्ती नित्याच्या कामास जुंपली. साळबर्डीचा अग्नी विझला, परंतु त्याचे निखारे गावोगाव नेले गेले, असेच म्हणावे लागेल.

इ. स. १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून महाराज वर्ध्याजवळील शेगावी गेले. (हे गजानन महाराजांचे शेगाव नव्हे, पुढे सेवाग्राम म्हणून जगप्रसिद्ध झाले ते.) तेथे त्यांचा मुक्काम सुमारे महिनाभर होता. सूतकताई, सफाई आणि दोन वेळची प्रार्थना हा तेथील दिनक्रम. एका बाजूस रानात वाढलेला भजनी साधू आणि दुसऱ्या बाजूस विलायतेत शिकलेला बॅरिस्टर, परंतु दोघांचेही ध्येय एकच होते. खेडे उठल्याखेरीज देश उठणार नाही, ही दोघांची श्रद्धा होती.

श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या शाखा हळूहळू विदर्भाच्या गावागावांत निघाल्या. त्यांचा नित्यक्रम वाचकांपैकी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिला असेल. पहाटे उठून सामुदायिक ध्यान, नंतर झाडू घेऊन ग्रामसफाई, रामधून, आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना. येथे एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. अग्निहोत्राच्या वेळा कोणत्या? उदयकाळ आणि अस्तकाळ. सेवामंडळाच्या ध्यान-प्रार्थनेच्या वेळाही दिवसाच्या याच दोन टोकांच्या. महाराजांनी असे हेतुपुरस्सर केले की सहज घडले, याची चर्चा करण्याचे प्रयोजन नाही. दिवस उगवताना आणि मावळताना स्वतःचे काही तरी सोडावे हा प्राचीन नियम त्यांच्या मंडळात नव्या रूपाने जिवंत राहिला, एवढे खरे. तुपाच्या जागी घाम आला, समिधेच्या जागी झाडू आला. शिवाय पूर्वीचा होम ज्याला अधिकार आहे त्यानेच करावयाचा असे. या नव्या होमात स्त्री, पुरुष, शूद्र, अतिशूद्र, हिंदू, मुसलमान असा भेद राहिला नाही. सर्वांनी एका रांगेत बसावे, एका सुरात प्रार्थना म्हणावी.

हा सेवायज्ञ म्हणजे निव्वळ भाबडेपणा नव्हता, याची प्रचिती १९४२ साली आली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर आणि आष्टी येथे जनतेने परकीय सत्तेविरुद्ध उठाव केला. यावली व बेनोडा या गावांनीही त्या लढ्यात रक्त सांडले. या उठावामागे महाराजांच्या भजनांची प्रेरणा होती, हे सरकारच्याही ध्यानात आले होते. त्याच महिन्यात चांदा येथे महाराजांस अटक झाली. नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत त्यांनी सुमारे तीन महिने काढले. खंजिरीच्या तालाला भिणारे सरकार फार दिवस टिकत नसते, हे पुढे पाच वर्षांतच सिद्ध झाले.

स्वातंत्र्यानंतर महाराजांनी आपले चित्त ग्रामरचनेवर एकवटले. विनोबांच्या भूदानकार्यास त्यांनी हातभार लावला. १९५५ साली त्यांचा ग्रामगीता हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ४१ अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ त्यांनी ग्रामदेवतेस अर्पण केला. ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, श्रमसंपत्ती, वैवाहिक जीवन, मूर्तिउपासना, यात्रा-मेळे, अंत्यसंस्कार, सामुदायिक प्रार्थना अशा विषयांवर त्यांत सोप्या वाणीने विवेचन आहे. एखाद्या धर्मग्रंथात मोक्षाच्या बरोबरीने गावाच्या आरोग्याला मानाचे पान मिळावे, ही गोष्ट लहान नव्हे.

त्याच १९५५ साली जपान येथे भरलेल्या विश्वधर्म व विश्वशांती परिषदेस महाराज उपस्थित राहिले आणि तेथेही त्यांनी खंजिरीवर भजन गाइले. १९५६ मध्ये भारत साधुसमाजाची स्थापना झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांचा राष्ट्रसंत म्हणून गौरव केला. १९६२ चे चिनी आक्रमण आणि १९६५ चे पाकिस्तानशी झालेले युद्ध या दोन्ही प्रसंगी सीमेवर जाऊन त्यांनी आपल्या भजनांनी जवानांस धीर दिला. इतका मान मिळूनही त्यांचे मोझरीचे घर आणि कमरेची लहानशी वस्त्रे बदलली नाहीत.

येथे वऱ्हाडच्या दुसऱ्या थोर विभूतीचे स्मरण केल्यावाचून राहवत नाही. संत गाडगेबाबा हे अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. त्यांनीही हाती झाडू घेतला, पशुबळीचा धिक्कार केला, सण-श्राद्धासाठी कर्ज काढणाऱ्यांची कानउघाडणी केली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ त्यांचे निर्वाण झाले. एकाच जिल्ह्याने एकाच काळात असे दोन कर्मयोगी द्यावेत, हे आपल्या भूमीचे भाग्य होय.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज आश्रमात महाराजांनी देह ठेवला. वयाची ५९ वर्षे पुरी झाली होती. समाधी आश्रमासमोरच आहे. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीस मोझरी येथे लाखो लोक येतात आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सर्व जनसमुदाय स्तब्ध उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो. ना मंत्र, ना धूर, ना गर्दीचा आवाज. प्रपंचाची घाई थांबवून प्रत्येकाने आपला थोडा वेळ सोडावयाचा, हीही एक आहुतीच होय. २००५ साली नागपूर विद्यापीठास महाराजांचे नाव देण्यात आले. ज्याची शाळा प्राथमिक वर्गातच सुटली, त्याच्या नावाची पदवी आज आपली मुले अभिमानाने भिंतीवर लावतात. आयुष्यभर मुलांना शिकविण्याचेच काम केल्यामुळे आम्हांस ही गोष्ट विशेष गोड वाटते.

असो. थोरांचे चरित्र वाचून हात जोडावेत आणि पान उलटावे, एवढ्याने भागत नाही. आपल्या मंडळाच्या सभासद-कुटुंबांनी या चरित्रावरून काय घ्यावे, याचा थोडा विचार आता करू.

आपल्या समाजात होमाची प्रतिष्ठा अद्याप मोठी आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ज्या मांडवात विवाहहोम पेटतो, त्याच मांडवाच्या एका कोपऱ्यात पैशांचा हिशेब चाललेला असतो. वधूवर लाजाहोमात लाह्या अर्पण करतात, सात पावले चालतात, अग्नीला साक्षी ठेवून एकमेकांस वचन देतात. आणि तोच अग्नी वधूपित्याच्या कर्जालाही साक्षी राहतो. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने मुलीच्या लग्नातील पंगती, वाजंत्री आणि मानपानासाठी दोन एकर रान विकले. पुढच्या वर्षी पाऊस फिरला आणि उरलेले रानही गहाण पडले. लग्नातील होमास लागलेले तूप किलोभरही नसेल. परंतु त्या कुंडाभोवती त्या कुटुंबाची दोन पिढ्यांची भाकर जळाली. वऱ्हाडात कर्जापायी शेतकरी जीव देतो, ही गोष्ट वर्तमानपत्रांतून आपण वर्षानुवर्षे वाचत आहोत. त्यास अनेक कारणे आहेत आणि ती सर्व आपल्या हाती नाहीत. परंतु लग्नाचा खर्च तर आपल्याच हाती आहे! महाराजांनी साधे आणि सामुदायिक विवाह यांचा आग्रह धरला तो याच कारणाने.

होम बंद करा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. स्वतः महाराजांनी साळबर्डीस महायज्ञ केला होता हे वर आलेच आहे. आमचे म्हणणे इतकेच की होमात खरोखर काही तरी सोडावे. सोडावयास तुपापेक्षा कठीण वस्तू आहेत. वरपक्षाने हुंडा आणि मानपान सोडावा. वधूपक्षाने लोक काय म्हणतील ही भीती सोडावी. सुखवस्तू घराने एका पंगतीचा खर्च सोडून तो मंडळाच्या गरजू विद्यार्थ्यांच्या पुस्तकांस द्यावा. वृद्धांनी रुसण्याचा अधिकार सोडावा आणि तरुणांनी आळस. यांपैकी एकही आहुती ज्या घरातून पडेल, त्या घरचा होम सुफळ झाला असे समजावे. मग पुरोहिताने मंत्र संपूर्ण म्हटले असोत वा अर्धे.

आणखी एक शंका कोणी घेईल. महाराजांनी जातिभेद मानला नाही. तेव्हा ज्ञातिमंडळाच्या अंकात त्यांचे चरित्र कसे काय? शंका रास्त आहे. आमचे उत्तर असे की, अग्नीस कुंड लागते. कडा नसतील तर निखारे विखुरतात आणि विझतात. आपले मंडळ हे तसे कुंड आहे. परंतु होमाचा सुगंध कडांशी अडत नाही, तो शेजाऱ्याच्याही अंगणात जातो. आपल्या मंडळाच्या वसतिगृहातील खोली, आपला वधूवर-मेळावा, आपली शिष्यवृत्ती ही कामे ज्ञातीपुरती असोत. परंतु आपली ग्रामसफाई, आपले रक्तदान, आपल्या विहिरीचे पाणी ही सर्व गावासाठी असली पाहिजेत. तसे घडले तरच महाराजांचे नाव घेण्याचा अधिकार आपणांस पोहोचतो.

येत्या वार्षिक संमेलनात सकाळी नेहमीप्रमाणे होम होईल. त्या वेळी प्रत्येक कुटुंबप्रमुखाने, आपण यंदा काय सोडणार याचा मनाशी संकल्प करावा आणि आहुती देताना हे माझे नव्हे हा उच्चार त्या संकल्पासह करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. तो संकल्प कोणास सांगण्याची गरज नाही, अंकात छापण्याची तर नाहीच. पुढच्या संमेलनापर्यंत तो पाळला गेला की नाही, हे ज्याचे त्याला कळेल.

राष्ट्रसंतांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन करून आणि सर्व ज्ञातिबंधू-भगिनींस आयुरारोग्य व सद्बुद्धी लाभो अशी प्रार्थना करून आम्ही हा लेख पुरा करतो.